काचबिंदू : थेंबांनी भागत नाही तेव्हा

“ऑपरेशन करून दिसायला लागणार नाही म्हणता, मग करायचे तरी कशाला?” काचबिंदूच्या रुग्णाकडून, आणि त्याहून जास्त त्याच्या मुलांकडून, हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. प्रश्न रास्त आहे. शेजारच्या आजींचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली आणि आजी पोथी वाचू लागल्या, हे सगळ्या गल्लीने पाहिलेले असते. त्याच गल्लीतल्या आजोबांचे काचबिंदूचे ऑपरेशन होते, पैसे जातात, महिनाभर फेऱ्या होतात आणि दिसते ते पूर्वीइतकेच. पहिले काही आठवडे तर पूर्वीपेक्षा थोडे अंधूकच. मग गल्ली आपला निकाल देऊन मोकळी होते की डॉक्टरला काही जमले नाही.

या घोटाळ्यात नावांतल्या सारखेपणाचाही हात आहे. मोतीबिंदू आणि काचबिंदू ही सख्खी भावंडे असावीत असेच कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात त्यांचा तसा काही संबंध नाही. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते, आणि भिंग काढून दुसरे बसवता येते. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस सुकत जाते. या नशीत दहा-बारा लाख तंतू असतात, आणि त्यातला मेलेला एकही तंतू आजच्या वैद्यकशास्त्राला जिवंत करता येत नाही. म्हणून काचबिंदूचे ऑपरेशन हे उरलेली नजर राखण्याचे ऑपरेशन आहे. हे वाक्य ऑपरेशनच्या आधी, रुग्णाच्या मुलांसुनांना समोर बसवून, दोनदा सांगावे असे माझे मत आहे. सही घेण्याच्या कागदावर ते छापलेले असते, पण छापलेले कोण वाचतो?

बहुतेक रुग्णांना ऑपरेशनची पाळी येत नाही. रोज नेमाने थेंब टाकले, किंवा सुरुवातीलाच लेसर करून घेतला, तर पुष्कळांचे आयुष्य त्यावर निभावते. इंग्लंडमध्ये झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने २०१९ साली दाखवून दिले की साध्या काचबिंदूत थेंबांऐवजी लेसरने सुरुवात केली तरी चालते, आणि अशा बऱ्याच रुग्णांना पुढे काही वर्षे थेंबांची गरजच पडत नाही. आजचा विषय मात्र या सरळ मार्गाने जाणाऱ्यांचा नाही. तीन-तीन बाटल्या चालू असूनही प्रेशर उतरत नाही, किंवा एक ऑपरेशन होऊन वाया गेले आहे, किंवा डोळ्याचे दुखणेच असे आहे की नेहमीचे ऑपरेशन त्यात टिकणार नाही, अशा अवघड काचबिंदूविषयी आज लिहायचे आहे. आपल्या जिल्ह्यात असे रुग्ण थोडेथोडके नाहीत, आणि त्यांच्याच बाबतीत सर्वांत जास्त दिरंगाई होते असा माझा अनुभव आहे.

आधी डोळ्यातल्या पाण्याचा हिशेब पाहू. हे अश्रूंचे पाणी नव्हे. डोळ्याच्या आत, बुबुळाच्या मागे एक मांसल कडे असते. तिथे स्वच्छ पाणी सतत पाझरत असते, एका मिनिटाला साधारण थेंबाचा विसावा भाग. ते बाहुलीतून पुढे येते आणि कडेला असलेल्या बारीक जाळीतून वाहून जाते. दीड-दोन तासांत सगळे पाणी बदलते. जाळी गाळाने बुजली, किंवा बुबुळाचा पडदा तिच्यावर चिकटून बसला, की आवक तीच आणि जावक कमी. डोळ्यातला दाब वाढतो. साधारणतः तो पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो, पण काहींची नस इतकी नाजूक असते की १८ सुद्धा तिला सोसत नाही.

गंगापूर धरणातून पाणी सोडले की आपण नाशिककर गोदाघाटावर जाऊन पाहतो, पाणी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागले की कमरेला. डोळ्यातल्या पुराला असा मारुती नाही. दुखत नाही, लाल होत नाही, आणि समोरचे अक्षर शेवटपर्यंत दिसत राहते. नजर जाते ती कडेने. माणूस दाराच्या चौकटीला खांदा घासू लागतो, शेजारून येणारी सायकल त्याला उमगत नाही, आणि घरचे म्हणतात वय झाले. दक्षिण भारतात अरविंद नेत्र रुग्णालयाने केलेल्या पाहणीत काचबिंदू असलेल्या दहांतल्या नऊ जणांना आपल्याला हा रोग आहे याचा पत्ताच नव्हता. आपल्याकडे चित्र वेगळे असेल असे मानायला मला तरी काही कारण दिसत नाही.

आता ऑपरेशनकडे वळू. जगभर सर्वांत जास्त होणारे काचबिंदूचे ऑपरेशन म्हणजे ट्रॅबेक्युलेक्टमी. इंग्लंडमधील केंब्रिजच्या डॉ. केर्न्स यांनी ते १९६८ साली प्रसिद्ध केले आणि पन्नासहून अधिक वर्षे ते टिकून आहे, यातच त्याची योग्यता आली. कल्पना सोपी आहे. बुजलेली जाळी साफ करत बसण्यापेक्षा बाजूने नवा पाट काढायचा. डोळ्याच्या पांढऱ्या भागात, वरच्या पापणीखाली, एक बारीकशी झडप कापतात, तिच्याखाली छिद्र पाडतात आणि झडप दोन-चार टाक्यांनी सैलसर बसवतात. पाणी झडपेखालून झिरपून बाहेरच्या पातळ त्वचेखाली येते. तिथे छोटासा फुगवटा दिसतो. तो पापणीखाली झाकलेला असतो म्हणून कोणाच्या नजरेत भरत नाही.

या ऑपरेशनाचा शत्रू म्हणजे शरीराची जखम भरण्याची चांगली सवय. इतर सगळ्या ऑपरेशनांत जखम लवकर भरावी म्हणून आपण धडपडतो, इथे ती भरूच नये अशी इच्छा असते. पाट काढला की शरीर तो बुजवायला बसते. यावर तोड म्हणून मायटोमायसिन नावाचे, मुळात कर्करोगावर वापरले जाणारे औषध स्पंजाच्या तुकड्यावर घेऊन त्या जागी दोन-तीन मिनिटे ठेवतात. त्याने व्रण धरण्याची क्रिया मंदावते. हे औषध आल्यापासून निकाल पुष्कळ सुधारले. पण औषध जास्त झाले तर फुगवट्याची त्वचा इतकी पातळ होते की ती गळू लागते, आणि मग डोळा पुढे कायम संसर्गाच्या सावलीत राहतो.

अवघड रुग्ण कोण, हे आता समजायला सोपे जाईल. ज्याचे शरीर पाट हटकून बुजवणार तो अवघड. तरुण आणि लहान मुले, कारण त्यांची जखम फार जोमाने भरते. ज्यांचे एक ऑपरेशन आधी बुजले आहे ते. डोळ्याच्या आत वारंवार सूज येणारे. बुबुळ बदलण्याचे ऑपरेशन झालेले. चेंडू, विटी, फटाका किंवा गाईचे शिंग लागून डोळ्याची जाळीच फाटलेले. असा मार लागल्यावर प्रेशर कधी कधी दहा-पंधरा वर्षांनी वाढते, आणि तोवर मार लागल्याचे माणूस विसरूनही गेलेला असतो. आणि सर्वांत वाईट, मधुमेहाने किंवा डोळ्याच्या मागची रक्तवाहिनी बंद झाल्याने ज्यांच्या बुबुळावर नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या उगवल्या आहेत ते. यात डोळा लाल होतो, असह्य दुखतो, प्रेशर ५०-६० वर जाते. अशा डोळ्यात आल्याबरोबर पाट काढायला गेलो तर आत रक्तस्राव होऊन सगळे बुजते. आधी पडद्यावर लेसर, डोळ्यात इंजेक्शन, साखर ताब्यात, आणि मग ऑपरेशन, हा क्रम पाळावा लागतो. दुखणे सहन होत नसलेल्या माणसाला हा क्रम समजावून सांगणे कठीण जाते, पण दुसरा मार्ग नाही.

अवघड रुग्णांचा एक वर्ग मात्र आपण स्वतः तयार करतो, आणि त्याविषयी मला राग आहे. मार्च-एप्रिलमध्ये ऊन आणि धूळ वाढली की शाळकरी मुलांचे डोळे खाजू लागतात. मूल डोळे चोळते, डोळे तांबूस-मळकट दिसतात. आई एकदा डॉक्टरकडे नेते. डॉक्टर आठ-दहा दिवसांसाठी स्टेरॉइडचे थेंब लिहून देतात, दुसऱ्या दिवशी खाज थांबते. मग पुढच्या वेळी डॉक्टर कशाला? रिकामी बाटली औषधाच्या दुकानात दाखवायची, नवी मिळते. वास्तविक ही औषधे चिठ्ठीशिवाय विकायला कायद्याने बंदी आहे. डेक्सामेथासोन, बेटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांपैकी एखादे नाव त्या बाटलीवर बारीक अक्षरात असते. ढोबळमानाने दर तिघांत एकाचे प्रेशर या थेंबांनी वाढते, काहींचे फारच वाढते. मूल तक्रार करत नाही, कारण खाज तर थांबलेली असते. तीन-चार उन्हाळे असे गेले की मुलाला फळ्यावरचे दिसत नाही म्हणून चष्म्यासाठी आणतात, आणि तपासतो तेव्हा नस निम्म्याहून अधिक सुकलेली असते. थेंब बंद केल्यावर काहींचे प्रेशर उतरते, काहींचे उतरत नाही. मग बारा-तेरा वर्षांच्या त्या पोरावर, ज्याची जखम सर्वांत जोमाने भरते त्याच्यावर, ऑपरेशन करायची वेळ येते. घरात अशी बाटली असेल तर आजच तिच्यावरचे नाव वाचावे.

जन्मजात काचबिंदू हा आणखी निराळा. तान्ह्या बाळाचे डोळे मोठे, टपोरे दिसतात आणि सगळे कौतुक करतात. सोबत डोळ्यांतून पाणी गळत असेल, उजेडाकडे बाळ डोळे मिटून घेत असेल किंवा बुबुळ निळसर-धुरकट दिसत असेल, तर ते कौतुक थांबवून बाळाला त्याच आठवड्यात दाखवावे. यात थेंबांचा उपयोग तात्पुरता. ऑपरेशन हाच उपाय, आणि वेळेवर झाले तर निकाल चांगले आहेत. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेतील डॉ. अनिलकुमार मंडल यांनी अशा बाळांवरच्या ऑपरेशनांत मोठे काम केले. २००३ साली त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल अजून आहे. हा रोग जवळच्या नात्यातल्या लग्नांत अधिक दिसतो, हे लग्न जमवणाऱ्या वडीलधाऱ्यांनी ध्यानात घेतले तर बरे.

पाट बुजतो म्हणून पाटाऐवजी नळी का टाकू नये? हा विचार फार जुना आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घोड्याचा केस डोळ्यात ओवून पाणी बाहेर काढण्याचे प्रयोग झाले, पुढे रेशमी धाग्याचे झाले. सगळे फसले, कारण केस किंवा धागा जिथे संपे तिथेच व्रण धरून तोंड बंद होई. दक्षिण आफ्रिकेतल्या डॉ. मोल्टेनो यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस यातली मेख ओळखली. नळीच्या टोकाला त्यांनी एक बशी जोडली आणि ती डोळ्याच्या मागच्या बाजूला बसवली. शरीर तिच्याभोवती व्रण धरतेच, पण बशीएवढी पोकळी मध्ये शिल्लक राहते आणि पाणी तिथे साठून हळूहळू शोषले जाते. शेतातला शोषखड्डा ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

पुढे यात सुधारणा झाल्या. अमेरिकेत १९९३ पासून अहमद व्हॉल्व्ह वापरात आला. प्रेशर एकदम फार उतरू नये म्हणून त्यात झडप असते. बेअरव्हेल्ट नावाच्या नळीत झडप नाही, बशी मात्र मोठी. या वस्तू परदेशी, किंमत आपल्या रुग्णाच्या हिशेबाबाहेरची. पुष्कळ वर्षे आम्ही पाठ्यपुस्तकात नळीविषयी वाचत होतो आणि ओपीडीत तिचे नाव काढायला कचरत होतो.

ही अडचण मदुराईने दूर केली. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ साली ११ खाटांवर सुरू केलेल्या अरविंद नेत्र रुग्णालयाची कथा पुष्कळांना माहीत असेल. त्याच संस्थेच्या ऑरोलॅब या कारखान्याने १९९२ पासून मोतीबिंदूचे कृत्रिम भिंग भारतात स्वस्तात बनवून दाखवले. आज गावोगावच्या शिबिरांत भिंग बसते त्याचे बरेचसे श्रेय या प्रयत्नाला जाते. त्याच ऑरोलॅबने २०१३ साली काचबिंदूची नळी बाजारात आणली. बशी ३५० चौरस मिलिमीटरची, सिलिकॉनची, झडप नाही, आणि किंमत परदेशी नळीच्या मानाने कितीतरी कमी. तिचे निकाल परदेशी नळीच्या तोडीचे असल्याचे आपल्याकडच्या आणि बाहेरच्याही डॉक्टरांनी प्रसिद्ध केले आहे. तेव्हा महाग आहे म्हणून नळी टाकता येत नाही, ही सबब आता फारशी चालणारी नाही.

नळी कोणाला, पाट कोणाला? यावर अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये मिळून २१२ रुग्णांचा एक अभ्यास झाला. या सगळ्यांचे आधी मोतीबिंदूचे किंवा काचबिंदूचे ऑपरेशन झालेले होते. चिठ्ठी टाकावी तसे निम्म्यांना नळी आणि निम्म्यांना मायटोमायसिन वापरून ट्रॅबेक्युलेक्टमी असे वाटप केले. पाच वर्षांनी, म्हणजे २०१२ साली छापलेल्या निकालात, पाटाचे अपयश शेकडा ४७ च्या आसपास होते, नळीचे शेकडा ३० च्या आसपास. दोन्ही आकडे पुन्हा वाचावेत अशी विनंती आहे. नळी सरस ठरली हे खरे, पण तीही दर दहांत तिघांना पुरली नाही. आणि ज्यांचे पहिलेच ऑपरेशन आहे अशा रुग्णांवर नंतर जो तसाच अभ्यास झाला, त्यात पहिल्या वर्षअखेर पाट पुढे होता. यावरून मी माझ्यापुरता नियम असा ठेवला आहे : डोळा कोरा असेल तर आधी पाट, एकदा नीट केलेला पाट बुजला असेल तर त्याच डोळ्यात शेजारी दुसरा पाट काढत बसण्यापेक्षा नळीचा विचार. माझे काही समव्यवसायी दुसऱ्यांदाही पाटच काढतात. त्यांचा हात त्यात बसलेला असतो, आणि ज्याचा हात ज्यात बसला आहे ते त्याने करावे, हाही एक मुद्दा आहेच. तिसऱ्यांदा पाट काढायला मात्र माझा विरोध आहे.

मदुराईच्या नळीविषयी एक गोष्ट रुग्णाला आधीच कळली पाहिजे. झडप नसल्याने सुरुवातीला पाणी धो धो वाहून डोळा चेपून जाईल, म्हणून ऑपरेशनच्या वेळी नळी विरघळणाऱ्या टाक्याने घट्ट बांधून टाकतात. बशीभोवती वेष्टण तयार व्हायला पाच-सहा आठवडे लागतात, तेवढ्यात टाका विरघळतो आणि नळी उघडते. म्हणजे ऑपरेशन झाल्यावर पहिला महिनाभर प्रेशर जवळजवळ पूर्वीसारखेच राहू शकते आणि जुने थेंबही चालू ठेवावे लागतात. इथेच घोटाळा होतो. “एवढे ऑपरेशन केले आणि प्रेशर तेच, थेंब तेच,” म्हणून माणूस वैतागून येणे बंद करतो. आणि नेमक्या पाचव्या ते सातव्या आठवड्यात, नळी उघडून प्रेशर एकाएकी खाली येते तेव्हा तो घरी असतो. डोळा त्या दिवसांत एकदम मऊ पडू शकतो, नजर अंधुकते, क्वचित आत रक्तस्रावही होतो. त्या आठवड्यांत आठ दिवसांनी एकदा तरी तपासणी हवी. माझ्या रुग्णांच्या कागदावर मी त्या तारखा लाल शाईने लिहितो. तरीही ऑक्टोबर छाटणी आडवी आली की द्राक्ष बागाइतदार येत नाही, हे मला पाठ झाले आहे. म्हणून आता मी आधीच विचारतो, छाटणी कधी, कांद्याची लागण कधी, घरात लग्न आहे काय. आणि घाईचे नसेल तर ऑपरेशनची तारीख त्यावरून धरतो.

नळी बाहेरच्या पातळ त्वचेला घासून उघडी पडू नये म्हणून तिच्यावर एक ठिगळ लावतात. हे ठिगळ बहुधा दान केलेल्या डोळ्याच्या पांढऱ्या कवचाचे असते. नेत्रदान केलेल्या वयस्क माणसाचे बुबुळ रोपणासाठी योग्य नसले तरी त्याच डोळ्याचे कवच असे कोणाच्या तरी उपयोगी पडते. ‘आमच्या आजोबांच्या डोळ्यांचा आता काय उपयोग’ असे म्हणून पेटीला नकार देणाऱ्यांना हे मुद्दाम सांगतो.

नळीचेही दोष आहेत. ती आतून बुबुळाला घासली तर काही वर्षांनी बुबुळ धुरकट होते. क्वचित डोळा फिरवताना दोन-दोन दिसते. क्वचित ठिगळ झिजून नळी बाहेर डोकावते. आणि नस अगदी शेवटच्या टोकाला आली असेल तर कोणत्याही ऑपरेशनाने उरलेला मधला ठिपकाही जाण्याचा थोडासा धोका असतो. तो थोडासाच आहे, आणि ऑपरेशन न करण्याचा धोका बहुतेक वेळा त्याहून मोठा असतो. पण तो सांगायचाच नाही, हे मला पटत नाही.

तिसरा मार्ग आवक कमी करण्याचा. पाणी पाझरणाऱ्या त्या कड्याचा काही भाग डायोड लेसरने बाहेरूनच भाजून टाकायचा. डोळ्याला चिरा नाही, टाका नाही, भूल देऊन पाच-दहा मिनिटांत काम होते. पूर्वी ज्या डोळ्यात नजर उरलेलीच नाही आणि नुसते दुखणे आहे अशाच डोळ्यांसाठी तो राखून ठेवत. अलीकडे बेताने, आणि सौम्य पद्धतीने, नजर असलेल्या डोळ्यांतही वापरतात. दोष असा की भाजलेले परत आणता येत नाही. कमी भाजले तर पुन्हा करावे लागते, जास्त भाजले तर डोळा आक्रसतो. पुस्तकात या मार्गाला खालची पायरी आहे, पण माझे मत थोडे वेगळे आहे. सुरगाण्याच्या पाड्यावरून एसटीने नाशिकला येण्यात ज्याचा अख्खा दिवस आणि दोन माणसांची मजुरी बुडते, जो महिनाभरात सहा वेळा येऊ शकणार नाही हे त्यालाही आणि मलाही ठाऊक आहे, त्याच्या डोळ्यात उत्तम पाट काढून त्याला घरी पाठवणे यात शहाणपण नाही. देखरेखीशिवाय तो पाट बुजतो किंवा पिकतो. अशा वेळी लेसरचा दुय्यम उपाय पुष्कळदा अधिक उपयोगी पडतो. अर्थात याहून बरे हे की त्या माणसाची तपासणी त्याच्याच तालुक्यात व्हावी. प्रेशर मोजायला आणि डोळा मऊ की कडक हे बघायला नाशिकला यायची गरज नसावी. ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी असतात, यंत्र असते. ऑपरेशन करणाऱ्याने दोन ओळींची चिठ्ठी आणि फोन नंबर द्यावा, एवढेच कमी पडते.

हल्ली वर्तमानपत्रांतून काचबिंदूवरच्या अगदी बारीक, केसाएवढ्या उपकरणांची वर्णने येतात, आणि लोक कात्रणे घेऊन येतात. ती उपकरणे आहेत आणि चांगली आहेत, पण मुख्यतः सौम्य काचबिंदूसाठी, बहुधा मोतीबिंदूच्या ऑपरेशनाबरोबर. प्रेशर ४० असलेल्या, आधी एक ऑपरेशन बुजलेल्या डोळ्याला त्यांचा आधार फारसा पुरत नाही.

ऑपरेशन झालेल्यांसाठी एक सूचना, जी मी घसा कोरडा होईपर्यंत देतो. फुगवटा असलेला डोळा हा आयुष्यभर जपायचा डोळा आहे. दहा वर्षांनीसुद्धा तो डोळा लाल झाला, दुखू लागला, चिपडे आली, तर डोळे आलेत असे समजून घरचे थेंब टाकू नयेत. त्याच दिवशी, रविवार असो की पोळा, डोळ्याच्या डॉक्टरकडे जावे. संसर्ग फुगवट्यातून आत शिरला तर एका दिवसाचा उशीरही नजर घेऊन जातो. नदीत, विहिरीत, तलावात डोळे उघडे ठेवून बुडी मारू नये. रामकुंडावर स्नानाला जाणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे सांगणे जिवावर येते. “डॉक्टर, गंगेचे पाणी हो!” असे म्हणतात. मी म्हणतो, बाबा, खांद्यापर्यंत उतरा, डोक्यावर तांब्याने घ्या, डोळे घट्ट मिटा. गोदामाई समजून घेईल.

आता थोडे सरकारदरबाराविषयी. आपल्या देशाने अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू केला. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या कर्जातून महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदूच्या ऑपरेशनांची मोठी मोहीम झाली. लाखो लोकांना तिने नजर दिली, त्याबद्दल दुमत नाही. पण तेव्हापासून जिल्ह्याचे काम मोतीबिंदूच्या आकड्यावर मोजायची सवय लागली ती सुटत नाही. किती ऑपरेशने, किती उद्दिष्ट, किती टक्के. काचबिंदू या आकड्यांत बसत नाही, कारण त्यात दाखवण्यासारखे काही नसते. ज्याची नजर जायची राहिली त्याचा फोटो कसा काढणार? मोतीबिंदूच्या शिबिरात येणारी माणसे चाळिशीच्या, पन्नाशीच्या पुढची असतात, म्हणजे काचबिंदू शोधायला याहून सोयीची गर्दी मिळणार नाही. प्रत्येकाचे प्रेशर मोजायला आणि बाहुलीतून नस पाहायला माणशी पाच मिनिटे पुरतात. आयोजकांनी, मग ती पतसंस्था असो, गणेश मंडळ असो की साखर कारखाना, डॉक्टरांकडे ही मागणी आग्रहाने करावी. अहवालात मोतीबिंदूच्या रकान्याशेजारी काचबिंदूचा रकाना असावा, आणि त्यातले किती जण सहा महिन्यांनी पुन्हा तपासले गेले, हा तिसरा रकाना.

पैशाची काळजी असलेल्यांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा विचार जरूर करावा. योजनेतल्या रुग्णालयांत आरोग्यमित्र बसतो. सुचवलेले ऑपरेशन योजनेत बसते काय, नळीची किंमत त्यात धरली आहे काय, हे भरती होण्याआधी त्याला विचारावे. नंतर विचारून वाद होतात.

जे दुसरे मत घ्यायला मुंबई-पुण्याला जातात त्यांनी जुने कागद बरोबर न्यावेत. नजरेच्या क्षेत्राच्या तपासणीचे जुने आलेख असतात, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे. ते आम्हा डॉक्टरांना सोन्यासारखे असतात, कारण नस किती वेगाने चालली आहे हे दोन वर्षांचे आलेख शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही, आणि ऑपरेशनची घाई करायची की नाही हे त्या वेगावरच ठरते. दिवाळीच्या साफसफाईत हे कागद रद्दीत जातात. आधीच्या ऑपरेशनचा कागद, त्यात मायटोमायसिन वापरले होते का, किती मिनिटे, तोही हवा. आणि रुग्णाच्या सख्ख्या भावंडांनी, चाळिशी ओलांडलेल्या मुलामुलींनी, काही त्रास नसला तरी एकदा तपासून घ्यावे. घरात एकाला काचबिंदू असला की बाकीच्यांना तो होण्याचा संभव कितीतरी वाढतो, आणि गणपतीला सगळे गावी जमतातच, तेव्हा एका रिक्षात बसून सगळ्यांना येता येते.